आत घेतलेलं पाणी

मार्च सरत आला की नेपरव्हिलच्या आमच्या घराच्या तळघरात पंप घरघरायला लागतो. फरशीखाली एक खड्डा असतो, त्यात जमिनीतलं पाणी साठतं आणि पंप ते उपसून अंगणात फेकतो. इथे घरोघरी हा पंप असतो आणि कुणी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. मी मात्र जिना उतरते, खड्ड्यावरचं झाकण उचलते आणि पाणी कुठपर्यंत आलंय ते बघत उभी राहते. परवा तेवढ्यात फ्रिस्कोहून मीनूचा, माझ्या मुलीचा, फोन आला. "आई, आर यू इन द बेसमेंट अगेन?" "नाही गं, वर आहे, चहा करतेय." "आई, आय कॅन हिअर द पंप." मग काय, झाकण लावलं आणि वर आले.

मला वसंत ऋतू आवडत नाही, सांगूनच टाकते. शेजारच्या बायका ट्यूलिपचे कोंब फुटले म्हणून हरखून जातात, रॉबिन पक्षी दिसला म्हणून एकमेकींना फोन करतात. मला फक्त वितळणारं बर्फ दिसतं. एवढं बर्फ वितळलं म्हणजे ते कुठेतरी जाणार. ते जिथे जातं तिथे मी एकदा उभी होते, आणि तो एक ऋतू काही केल्या माझ्या अंगातून उतरत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट. विनायकला, माझ्या नवऱ्याला, ट्रॅक्टरच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही आयोवात, मिसिसिपीच्या काठावरच्या एका मध्यम गावात राहायला गेलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली काही माणसं अजून आहेत आणि चिडकी आहेत. मला तिथे वॉल्टर नावाच्या म्हाताऱ्याच्या, इमारतींची डिझाइनं करणाऱ्या ऑफिसात इंजिनियर म्हणून काम मिळालं. छोटं ऑफिस, पाच-सात टेबलं. त्यात बाई मी एकटी आणि भारतीयही मी एकटी. वॉल्टर बोलायला कमी, कानाचा तिखट. आकडे चुकले की तो ओरडत नसे, नुसता पेन्सिल खाली ठेवत असे. त्या पेन्सिलीची मला धडकी भरायची.

त्या ऑफिसाकडे नदीकाठच्या नव्या बेसबॉल स्टेडियमचं काम आलं. त्या काळी मोठ्या शहरांतली स्टेडियमं म्हणजे काँक्रीटचे गोल डबे, भोवती मैलभर पार्किंग. आत बसलेल्या माणसाला आपण कुठल्या गावात आहोत याचा पत्ता लागायचा नाही. वॉल्टरला त्याचा मनापासून संताप होता. तो म्हणायचा, "आपल्याकडे नदी आहे आणि आपण लोकांना तिच्याकडे पाठ करून बसवायचं? मग बांधायचं कशाला?" बेसबॉलमध्ये फटका मारणाऱ्याचं तोंड साधारण पूर्वेकडे ठेवतात, म्हणजे संध्याकाळचं ऊन त्याच्या डोळ्यांत जात नाही. आमची नदी नेमकी पूर्वेला. तेव्हा बैठका पश्चिमेला, त्याच्या पाठीमागे आणि दोन्ही अंगांना, आणि समोरची बाजू सताड उघडी ठेवायची. लोकांनी खेळही बघायचा आणि त्याच्यामागून जाणाऱ्या बोटीही बघायच्या, असा सगळा बेत होता.

मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. विनायक तर टीव्हीवर एक सामना बघून म्हणाला, "हा कसला खेळ यार, सगळे फुलटॉसच टाकतायत! आमच्या गल्लीतला पोरगासुद्धा शतक ठोकेल." अशा घरातली मी. पहिल्या नकाशात मी गोलंदाजाच्या मागे, अगदी सरळ रेषेत, चांगली मोठी भिंत काढली आणि तिच्यावर लिहिलं, रंग पांढरा. साइटस्क्रीन! क्रिकेटच्या मैदानावर लहानपणापासून पाहिलेला. वॉल्टर बराच वेळ त्या भिंतीकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "मंदा, तुमच्या खेळात चेंडू कुठल्या रंगाचा असतो?" "लाल," मी म्हटलं. "आणि आमचा?" मी खोडरबर शोधायला लागले. पांढऱ्या भिंतीसमोरून सुटलेला पांढरा चेंडू त्या बिचाऱ्या फलंदाजाच्या थेट कपाळात बसला असता. वॉल्टर हसायला लागला तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. भिंत गडद हिरवी झाली, आणि त्या दिवसापासून आमचं जमलं.

स्टेडियमचं डिझाइन म्हणजे खरं तर माणसाच्या डोक्याचं डिझाइन. पुढच्याच्या डोक्यावरून मागच्याला दिसलं पाहिजे, म्हणून प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा जरा वर उचलायची. आणि हे सगळे टोप्या घालणारे! वॉल्टर म्हणायचा, टोपी धरून हिशेब कर. मला माझ्या माहेरच्या, कुरुंदवाडच्या कुस्तीच्या मैदानातले फेटे आठवायचे. फेट्यांचा हिशेब धरला असता तर शेवटची ओळ ढगात गेली असती. मी रात्रंदिवस त्या ओळी काढत होते. कागदावर बसलेली ती बिनचेहऱ्याची माणसं मला आवडायला लागली होती. कुणाच्या मांडीवर मूल असेल, कुणाचे गुडघे धरले असतील, कुणाला चार पायऱ्या चढल्यावर धाप लागेल, असले विचार करत मी पायऱ्यांची उंची ठरवायची.

बैठकांच्या खाली खेळाडूंच्या खोल्या होत्या. कपडे बदलायच्या, आंघोळीच्या, मालिशच्या. त्या अर्ध्या जमिनीत गाडलेल्या, कारण मैदानच खोल घेतलं होतं. नदीकाठी जमिनीत खोली बांधायची म्हणजे एक भानगड असते. नदी चढली की जमिनीतलं पाणीही चढतं आणि खोलीच्या तळाला खालून वर ढकलायला लागतं. रिकामी खोली म्हणजे रिकामी होडीच. पण वर बैठकांचं सगळं काँक्रीट बसलं की त्या वजनाखाली ती दबून राहते. हा हिशेब माझा होता. वॉल्टरने तपासला होता, नकाशावर त्याची सही आणि शिक्का होता. हिशेब बरोबर होता, पण स्टेडियम पूर्ण झालं असं धरून केलेला.

त्या हिवाळ्यात थंडीने कहर केला. बैठकांचे काँक्रीटचे तयार तुकडे बसवायची क्रेन आठवडेच्या आठवडे उभी राहिली. खोल्यांवर छत घातलं होतं, पण छताच्या वरचं सगळं वजन अजून यायचं होतं. कंत्राटदाराचा साइटवरचा मुख्य माणूस होता डेल. धिप्पाड, लाल मानेचा, हाताखालच्या माणसांवर जीव टाकणारा आणि माझ्यासारख्या ऑफिसातल्यांवर डाफरणारा. वेळ भरून काढायला त्याने छताखालच्या खोल्या आधीच पुऱ्या करून टाकल्या. टाइल्स, लाकडी लॉकर, बाकं, दिवे, सगळं. फेब्रुवारीत त्याने मला तिथे मुद्दाम नेलं. ताज्या वार्निशचा वास होता. त्याने एका लॉकरचं दार नुसतं बोटाने ढकललं आणि ते आवाज न करता मिटलं. डेलच्या तोंडावरचा आनंद मला आजही दिसतो.

आणि मग बर्फ सुटलं.

ज्यांनी मिसिसिपीवरचं बर्फ फुटताना ऐकलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. दिवसभर आकाशात काहीतरी सरकवत असल्यासारखा आवाज, आणि मध्येच धाडकन मोठा तडा. पाठोपाठ पाऊस. रेडिओवर दर काही तासांनी एक सपाट आवाज पाण्याची पातळी सांगायचा. दुकानात, शाळेच्या दारात, देशपांडेकाकूंकडच्या हळदीकुंकवात, सगळीकडे तोच विषय. वर, नदीच्या उगमाकडे, मिनेसोटात किती बर्फ उरलंय? मला हसूही यायचं आणि रडूही. मी कृष्णाकाठची मुलगी. आमच्याकडे श्रावणात माणसं भेटली की आधी विचारायची, कोयनेतून किती सोडलं? म्हणजे मी अर्धं जग ओलांडून आले आणि नदीने मला तोच प्रश्न पुन्हा विचारला.

रोजचा अंदाज आदल्या दिवसापेक्षा वर चालला होता. शुक्रवारी दुपारी मी जुना हिशेब काढला आणि त्यातून वरच्या बैठकांचं वजन वजा केलं. उत्तर समोर होतं. नदी रेडिओवर म्हणत होते तेवढी चढली तर तो तळ तग धरणार नव्हता. तळ उचलला गेला की खांब हलणार, आणि खांब हलले की वरचं छत, बैठकांची चौकट, सगळंच तिरपं होणार. भोवतीच्या जमिनीतलं पाणी उपसणारे पंप होते. पण पाणी नदीकाठच्या धक्क्यावर आलं की त्या पट्ट्यातली वीज तोडणार, हे नगरपालिकेने जाहीर केलं होतं. मी तीनदा गणित केलं. मग उठून वॉल्टरच्या टेबलापाशी गेले. त्याने ते वाचलं आणि पेन्सिल खाली ठेवली. "उपाय?" त्याने विचारलं.

उपाय मला ठाऊक होता आणि तो तोंडातून निघत नव्हता. त्या खोल्या आपल्याच हाताने पाण्याने भरायच्या. बाहेर पाणी चढेल तसं आत वजन हवं, आणि इतक्या लवकर इतकं वजन दुसऱ्या कशाचं मिळणार? ती वार्निश केलेली दारं माझ्या डोळ्यांपुढे येत होती. आणि समजा भरल्या, आणि नदी अलीकडेच थांबली तर? मग मी कोण? धास्तावून नवं कोरं काम बुडवणारी बाई. त्यानंतर माझ्या आकड्यांवर कुणी एक वीटसुद्धा ठेवली नसती. आणि नाही भरल्या, आणि नदी आली, तर त्या बैठका कधी उभ्याच राहणार नव्हत्या. त्या रात्री माझं ताट तसंच राहिलं. मीनू सहा वर्षांची होती. तिने भाताची ताटली पुढे सरकवत विचारलं, "आई, इज द रिव्हर कमिंग टु अवर हाउस?" "नाही बाळा, आपण टेकडीवर राहतो." "देन व्हाय आर यू स्केअर्ड?" विनायकने तिला उचलून आत नेलं. परत आला आणि एवढंच म्हणाला, "गणितावर विश्वास आहे ना? मग बोल. चूक ठरलीस तर इथून जाऊ, त्यात काय." हे 'त्यात काय' त्याला म्हणायला काय गेलं म्हणून मी त्याच्यावरच भडकले. पण झोप लागली ती त्या शब्दानेच.

शनिवारी सकाळी साइटवरच्या ट्रेलरमध्ये आम्ही जमलो. वॉल्टर, डेल, नगरपालिकेचा एक अधिकारी आणि मी. आत कोंदट, ओल्या बुटांचा आणि जळक्या कॉफीचा वास. मी सांगितलं. मग डेल फुटला. "माझी माणसं थंडीत बोटं गोठवून त्या खोल्या पुऱ्या करतात आणि तुम्ही मला सांगताय की नळी लावून त्या बुडवा? बाहेर पूर आहे म्हणून आत पूर आणायचा? हे कुठलं इंजिनियरिंग?" अधिकारी म्हणाला, वाळूच्या गोण्या रचू. डेलच त्याच्यावर खेकसला, "गावातली प्रत्येक गोणी खालच्या वस्तीच्या बंधाऱ्यावर गेलीय. तिथल्या आणणार का काढून?"

मी आकडे बोलत होते आणि समोर भिंत होती. शेवटी माझंच डोकं फिरलं. माझा जेवणाचा स्टीलचा डबा होता, त्यात मटकीची उसळ. ती मी कागदाच्या प्लेटवर उपडी केली. ट्रेलरभर लसणाचा वास. कोपऱ्यात फरशी पुसायची पाण्याची बादली होती. रिकामा डबा त्यात सरळ ठेवून मी डेलला म्हटलं, "काठापर्यंत खाली दाब, आणि आत थेंब जाऊ देऊ नकोस." त्याने दाबला. "आता सोड." डबा टुणकन वर आला आणि कलंडला. मग मी तोच डबा पाण्याने भरून आत सोडला. तो गेला तळाशी आणि गुमान बसून राहिला. डेल डब्याकडे बघत होता. "डबा छोटा आहे," तो म्हणाला, पण आवाज खाली आला होता.

वॉल्टर मला बाहेर घेऊन गेला. पाऊस थांबला होता. समोर नदी होती, मळकट, फुगलेली. झाडंच्या झाडं वाहत चालली होती, एक कुणाच्यातरी अंगणातला झोपाळासुद्धा. वॉल्टरने विचारलं, "खात्री आहे?" मी खोटं बोलले असते तर त्याला कळलं असतं. "नाही," मी म्हटलं. "नदी थांबूही शकते. काँक्रीट माझ्या आकड्यापेक्षा दमदारही निघू शकतं. पण ते मला त्या बैठकांवर माणसं बसवून बघायचं नाही."

मला का कोण जाणे, एकदम वाडीची गोष्ट सांगावीशी वाटली. माझ्या माहेरापासून नदीपलीकडे नृसिंहवाडी. दत्ताचं देऊळ अगदी नदीच्या पात्राला टेकलेलं. दर पावसाळ्यात कृष्णा चढते आणि देवळात शिरते. उत्तरेच्या दाराने आत येते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. तिला कुणी अडवत नाही. उत्सवमूर्ती आधीच वर हलवलेली असते. उलट माणसं त्या घडीची वाट बघतात. बातमी पोचली की गावोगावहून लोक येतात आणि दक्षिणेच्या दारातल्या त्या पाण्यात आंघोळ करतात. दक्षिणद्वार म्हणतात त्याला. वडील मला खांद्यावर बसवून न्यायचे. पाणी ओसरलं की देऊळ जिथल्या तिथे. हे सगळं मी त्या अमेरिकन म्हाताऱ्याला मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं आणि सांगून झाल्यावर लाजले. बाई, तू इंजिनियर आहेस की कीर्तनकार?

वॉल्टरने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "बरं," तो म्हणाला, "मग आपलं उत्तरेचं दार कुठलं?"

आम्ही नदीचं पाणी घेतलं नाही. देवाला गढूळ चालतं, टाइल्सना चालत नाही. अग्निशमन दलाचे लोक रस्त्यावरच्या नळांना होस जोडून स्वच्छ पिण्याचं पाणी घेऊन आले. पण त्याआधी लॉकर काढले. डेलनेच पहिला स्क्रू काढला. सुतार, वायरमन, सिमेंटचे हात असलेले मजूर, वॉल्टर, मी, सगळे एकेक लॉकर धरून रॅम्पवरून वर नेत होतो. माझ्या लॉकरच्या दुसऱ्या टोकाला एक तरुण सुतार होता, तो रडत होता आणि मी बघत नसल्याचं सोंग करत होते. जे निघण्यासारखं नव्हतं ते राहिलं. भिंतींचं लाकडी काम, छपरातल्या वायरी, मालिशची टेबलं पायाशी पक्की केलेली. मग खेळाडूंच्या दारातून होस आत गेले आणि पाणी सुटलं. कोरड्या खोलीत पडणाऱ्या पाण्याचा तो आवाज! सगळं आयुष्य मी पाणी बाहेर ठेवायला शिकले होते. डेल दारात उभा राहून ते टाइल्सवर पसरताना बघत होता. मी त्याच्या शेजारी उभी राहू शकले नाही.

नंतरचे दिवस असे गेले. नदी चढत होती, आम्ही आत भरत होतो. वीज गेली, पंप बंद पडले, आणि एकाएकी साइटवर शांतता झाली. मग नदी धक्क्यावरून आली. गाजावाजा नाही, लाट नाही, नुसती गवतातून सरकत आली आणि मैदानात उतरली. जिथे माझी ती हिरवी भिंत उभी होती तिथे तळं झालं. आम्ही वरच्या रस्त्यावर उभे. छताच्या कोपऱ्यावर मी लाल खुणा करून ठेवल्या होत्या आणि दुर्बिणीतून त्यांच्याकडे बघत होते. खूण हलली की संपलं. वाऱ्याने हात थरथरला तरी वाटायचं खूण हलली. विनायक थर्मासमधून चहा घेऊन यायचा आणि मी तो हातात धरून गार करायची. मी देवाला फारसं न मानणारी बाई, पण त्या दिवसांत दत्ताला काय काय कबूल केलं ते मलाच माहीत.

नदी माझ्या धोक्याच्या आकड्याच्या थोडी वर जाऊन थांबली. दोन दिवस तशीच उभी राहिली आणि मग आल्या वाटेने उतरली. खुणा जागच्या जागी होत्या.

पाणी उपसल्यावर आम्ही आत गेलो. कुजका वास, फुगलेलं लाकूड, लोंबणाऱ्या वायरी. मी गुडघ्यांवर बसून तळाचा कोपरा न् कोपरा बॅटरीने बघितला. तडा नव्हता. केसाएवढासुद्धा नव्हता. मला हुंदका फुटणार एवढ्यात मागून डेलचा आवाज आला. "बघितलंत? काही झालं नाही. कदाचित काही झालंच नसतं. उगाच बुडवल्या खोल्या."

मी उठले आणि मराठीतच ओरडले. "अहो, काही झालं नाही हेच तर झालं!" त्याला एक अक्षर कळलं नाही. आणि इंग्रजीत तरी काय सांगणार होते? पडलेली भिंत दाखवता येते. न पडलेली कशी दाखवायची? मी वाचवलं की घाबरले, याचा पुरावा त्या खोलीत नव्हता आणि कुठेच नव्हता. गावातही तेच. काही जण म्हणाले शहाणपण केलं, बरेच म्हणाले वॉल्टरच्या ऑफिसातल्या त्या परदेशी बाईने घाबरून नव्या खोल्यांचं वाटोळं केलं. किराणा दुकानात माझ्यामागे बोलणं थांबायचं. वॉल्टर म्हणाला, "आपल्या धंद्यात चांगलं काम म्हणजे न घडलेली गोष्ट. त्याची सवय कर." मला सवय झाली नाही. सगळी नोकरी संपली तरी झाली नाही. आजही मार्चमध्ये खड्ड्याचं झाकण उचलते तेव्हा मनात तेच चालू असतं, समजा भरल्या नसत्या तर. ज्याचं उत्तर आलं नाही असं माझ्या आयुष्यातलं तेवढं एकच गणित आहे.

वैताग असा की त्या वसंतात बाकी सगळं देखणं होतं. गाळाने गवत दुप्पट हिरवं आलं. क्रेन परत सुरू झाली आणि बैठकांचे तुकडे एकेक करून हवेतून येऊन आपापल्या जागी बसले. प्रत्येक तुकडा टेकला की माझ्या मानेवरचं ओझं तेवढं हलकं व्हायचं. डेलच्या माणसांनी खोल्या पुन्हा केल्या. तो माझ्याशी कामापुरतं बोलायचा. गावच्या संघाने पहिले सामने बाहेरगावी खेळून वेळ मारून नेली.

जूनच्या सुरुवातीला स्टेडियम उघडलं. संध्याकाळचं ऊन बैठकांच्या मागून येत होतं, समोर नदी शहाण्यासारखी वाहत होती, भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास सुटला होता. वॉल्टरच्या मनासारखं झालं होतं. लोक खेळ सुरू व्हायच्या आधीच बोटीकडे बोट दाखवत होते. विनायक आणि मीनू पुढे जागा धरून बसले. मी बसेना. कठड्याला धरून उभी होते आणि पायऱ्या चढणाऱ्या माणसांकडे बघत होते. माझ्या कागदावर ज्यांना चेहरे नव्हते ती ही माणसं. कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या हातात काठी. जागा ठरलेल्या नव्हत्या, जो तो मिळेल तिथे टेकत होता. त्या खोल्यांच्या बरोबर वरची बाजू भरत चालली होती आणि मी एकेक माणूस मोजत होते.

तेवढ्यात डेल दिसला. धुतलेला शर्ट, दाढी केलेली. मागे बायको, तीन मुलं, आणि त्याच्या दंडाला धरून चालणारी म्हातारी आई. मला बघून तो थांबला. मला वाटलं मान हलवून पुढे जाईल. तो सरळ माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आईला पायऱ्या जास्त चढवत नाहीत. हिला कुठे बसवू?"

मी खोल्यांवरच्या तिसऱ्या ओळीकडे बोट दाखवलं. त्याने तिकडे पाहिलं. आपण कशावर बसणार आहोत हे त्या सगळ्या गर्दीत आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. तो आईला घेऊन त्याच ओळीत गेला, मुलांना आत सरकवलं, आईला हळूच बसवलं. म्हातारीने समोर एवढी नदी बघितली आणि मुलाचा हात घट्ट धरला. "इतकी जवळ आहे रे ती. इथे भीती नाही ना?"

डेल माझ्याकडे बघून म्हणाला, "हिला विचार, आई. हिला माहीत आहे."

म्हातारीने मान वळवली. निळे, पाणावलेले डोळे. संघ मैदानात उतरला तशी मागे सगळी बैठक उठून उभी राहिली होती, लोक पाय आपटत होते, आणि काँक्रीट माझ्या तळव्यांखाली थरथरत होतं, जेवढं थरथरायला हवं तेवढंच. मी म्हटलं, "नाही आजी, भीती नाही." आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.